नऊ बाय चौदाची सांगली

रेडिओवरचं बोलणं झालं वीस सेकंदांचं. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे आवाज स्पष्ट येतोय, मग नाव, गाव, ‘सेव्हंटी थ्री’ म्हणजे शुभेच्छा, संपलं. गच्चीवरच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेल्या दहा मीटर तारेवरून माझा आवाज इटलीत पोचला. त्या वीस सेकंदांची पोचपावती तयार करण्यात मात्र माझे तीन रविवार गेले.

या पोचपावतीला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी क्यूएसएल कार्ड म्हणतात. क्यूएसएल हा तारेच्या जमान्यातला संकेत; अर्थ एवढाच, की पोचलं. आता हे काम संगणकावरही होतं, ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ २००३ पासून सुरू आहे. पण ते काही भिंतीला चिकटवता येत नाही. प्रेसवाला हजार कार्डांखाली बोलेना, आणि माझे संपर्क सगळे मिळून एकेचाळीस. म्हटलं, घरीच छापू.

कार्डाचं माप ठरलेलं, नऊ बाय चौदा सेंटिमीटर. ए-फोर कागदात बरोब्बर चार बसतात. वर मोठ्या अक्षरांत कॉलसाइन, कारण हवेत माणूस त्याच नावानं ओळखला जातो. माझं खरं नाव खाली, बारीक. आईनं चष्मा लावून पाहिलं.

“तुझं नाव एवढंसं? आणि हे व्हीयू-बियू काय, गाडीचा नंबर हाय का?”

“तोच पत्ता समज. व्हीयू म्हणजे भारत.”

“मग वर श्री गजानन प्रसन्न तरी घाल की.”

जागा नव्हती. कोपऱ्यात ‘एमके७६’ टाकायचं होतं. पृथ्वीच्या नकाशावर चौकटी आखल्यात, त्यातली सांगलीची ही चौकट. आईला चौकटीपेक्षा गजानन जास्त पटत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

चित्रावरून पुन्हा घोळ. हळद घ्यावी तर छापल्यावर ती नुसता पिवळा डाग दिसते. मंदिर घ्यावं तर शिखर कॉलसाइनमध्ये घुसतं. शेवटी आयर्विन पूल घेतला. बहीण म्हणाली, “पूल काय, कुठल्याबी गावाला असतोय.” असतो. पण पावसाळ्यात सकाळी उठून पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं हे अख्खं गाव विचारतं, असे पूल किती असतील?

छापताना प्रिंटरनं जीव काढला. २५० जीएसएमचा जाड कागद पोटात वळवून घ्यायची त्याची तयारी नाही. घरघरतो, अर्धा गिळतो आणि थांबतो. मागच्या ट्रेमधून एकेक ताव सरकवला तेव्हा कुठे जमलं. पाठ छापताना पुढची बाजू दोन मिलिमीटर सरकली आणि कापल्यावर पुलाची एक कमान कात्रीखाली गेली. सुकत ठेवलेल्या तावांवर आईच्या हातातल्या पाण्याचे दोन थेंब पडले, तर कृष्णेचं निळं पाणी थेट कॉलसाइनवर चढलं. २०१९च्या पुरानंतर आमच्याकडे महत्त्वाचा कागद माळ्यावरच असतो. हे गठ्ठेही भडंगाच्या रिकाम्या डब्यात भरून तिथंच गेले.

भरताना खरी परीक्षा. वेळ यूटीसी या जागतिक वेळेत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. मी बोललो रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. कार्डावर १९:४० येतं आणि तारीख आदल्या दिवसाची. मी वेळ वजा केली, तारीख विसरलो. खाडाखोड केलेलं कार्ड हॅमच्या पुरस्कारांसाठी धरत नाहीत, म्हणून फाडलं. दुसऱ्यावर महिना आणि दिवस उलटे गेले. तिसऱ्याला महिना अक्षरांत लिहिला.

तिसरं चांगलं झालं. पाकिटात घालणार, तेवढ्यात आईनं ते काढून घेतलं आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं.

“पहिली पत्रिका गणपतीला.”

“अगं, ती पत्रिका नाही.”

“छापलंयस नव्हं?”

ती कार्ड घेऊन निघाली. मग मी माझी एक साधी सही केलेली, न भरलेली प्रत तिच्या हातात दिली आणि इटलीवाल्याची सोडवून घेतली. त्याच्या कोपऱ्यांवर पिवळं तसंच राहिलंय. देवळातल्या प्रतीवर तारीख, वेळ, बँड सगळं कोरं आहे; आवाज कसा पोचला, तो रकानाही.