मुलगा जेवेनासा झाला, त्यानंतरचं आमचं वर्ष

त्याचं वजन किती उतरलं, किती कॅलरी द्यायचो, हे आकडे इथे मुद्दाम देत नाही. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं सोडत जाण्याचा मानसिक आजार, झालेली मुलं असे आकडे शोधून वाचतात आणि त्यांच्याशी शर्यत लावतात. बाकी सगळं सांगते, कारण मुलग्यांच्या आयांना हे सांगायला कोणी भेटत नाही.

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. मुलगा नववीत होता. आधी त्याने साखर सोडली, त्याचं घरात कौतुकच झालं. मग भात सुटला, मग तूप, मग पोळी अर्ध्यावर आली. पहाटे उठून येऊरच्या चढावर धावायला जायचा आणि मार्चच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायचा. मोबाइलवर मात्र तासन्‌तास रेसिपीचे व्हिडिओ. रविवारी आमच्यासाठी लोणी घालून पावभाजी करायचा, आम्ही खाताना बघत बसायचा आणि स्वतः काकडी चावायचा. सोसायटीत ‘काय फिट झालाय!’ सुरू होतं. पहिल्या डॉक्टरांना नाडी मंद लागली, तर ते म्हणाले, धावणाऱ्या मुलांचं हृदय असंच असतं, आणि टॉनिक लिहून दिलं. मुलगी असती तर पाळी चुकतेय म्हणून कोणीतरी थबकलं असतं. अमेरिकेतल्या डीएसएम या निदान-ग्रंथात 2013 पर्यंत पाळी थांबणं हा अ‍ॅनोरेक्सियाचा एक निकषच होता. मग मुलग्यांकडे लक्ष जाणार कसं?

जाऊबाईंनी सुचवलेल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला आधी आडवं करून नाडी आणि बीपी बघितलं, मग उभं करून पुन्हा. ईसीजी काढला. रक्तात पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. लसीकरणाची जुनी फाईल मागवून लहानपणापासूनची उंची-वजनं तक्त्यावर मांडली, तेव्हा इतकी वर्षं वर चढत आलेली रेघ एकदम खाली कोसळलेली दिसली. दिवसा, जागेपणी नाडी 50 च्या खाली असेल तर दाखल करून घेतात. आमचं त्याच दिवशी ठरलं.

मला वाटलं होतं, आता चार दिवस भरपूर खायला घालतील. तसं नसतं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून आहार बेताबेताने वाढवला आणि रक्ततपासणी वरचेवर झाली. ज्यांचं मूल फार खंगलंय त्यांनी घरच्या घरी शिरा-तूप सुरू करण्याआधी तपासण्या करून घ्याव्यात, एवढं कळकळीने सांगते.

विम्याचंही सांगून टाकते. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, माणसाने ‘मानसिक आजार बसत नाही’ म्हणून आधी कानावर हात ठेवले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 21(4) सांगतं, की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही. नवऱ्याने ते कलम छापून अर्जाला टाचलं. क्लेम मंजूर झाला.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी फॅमिली-बेस्ड ट्रीटमेंट सुचवली. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये 1980 च्या दशकात या पद्धतीची सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात काय खायचं, किती, केव्हा, हे सगळं आई-वडील ठरवतात. दुसऱ्या टप्प्यात ते हळूहळू मुलाच्या हाती परत देतात. तिसऱ्यात बाकीचं आयुष्य: अभ्यास, मित्र, वयात येणं. मी सारखं विचारत होते, ‘पण असं झालं कशामुळे? आमचं काय चुकलं?’ डॉक्टर म्हणाले, ते नंतर बघू, आधी जेवण. मग त्यांनी मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, घासाचे तुकडे करत तासभर ताटाशी बसू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. माझ्या पोराचा स्वभाव बदललाय असं मी जे समजत होते, त्यातलं बरंचसं नुसत्या भुकेचं होतं. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग पुष्कळ कमी झाला.

सहा वेळा खाणं: तीन जेवणं, तीन मधली खाणी. वाढायचं आम्ही. स्वयंपाकघरात त्याने यायचं नाही, कारण तो नजर चुकवून तेल निथळायचा. खाऊन झाल्यावर अर्धा तास आमच्यासोबत बसायचं, बाथरूमला जायचं नाही. वजनकाटा माळ्यावर गेला; वजन फक्त क्लिनिकमध्ये, तेही काट्याकडे पाठ करून.

ऐकायला सोपं वाटतं. एका संध्याकाळी तूप लावलेली पोळी पुढ्यात होती. त्याने पोळीचे नखाएवढे तुकडे केले, एकेक तुकडा ताटाच्या काठावर घासून तूप काढू लागला, मग बोटं टीशर्टला पुसली. टीशर्टवर तेलकट पट्टा उमटला. मी दुसरी पोळी, तूप लावून, त्याच ताटात ठेवली. तो ओरडला, ‘तुला मला जाड करायचंय!’ वाद घालायचा नाही, हे आम्हाला पढवलेलं होतं. कॅलरीवर बोलायचं नाही, विनवण्या नाहीत, धमक्या नाहीत. ‘अवघड जातंय, मला दिसतंय. घास घे.’ एवढंच, तेही शांत आवाजात, पुन्हा पुन्हा. आवाज शांत ठेवणं हेच सगळ्यात जड जायचं. एका रात्री मी बाल्कनीत जाऊन 14416 ला, टेली-मानसला, फोन लावला. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. मुलाला नाही, मलाच कोणाशी तरी बोलायचं होतं.

आमच्या सासूबाईंचा इतका उपयोग होईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. जन्मभर ‘पानात टाकू नये’ म्हणत आलेली बाई. म्हटलं, या कटकट करतील. त्या नुसत्या शेजारी बसून रात्रीच्या मालिकेची गोष्ट सांगायच्या, तीही चुकीची, आणि तो न राहवून दुरुस्त करायचा. तेवढ्यात दोन घास जायचे. संकष्टीला तो म्हणाला, ‘आजी, मीपण उपास धरतो.’ उपासाला डॉक्टरांची सक्त मनाई होती. आजी म्हणाल्या, ‘तुझा उपास मी करते, देवाला चालतो. तू जेव.’

नातेवाइकांचं मात्र कठीण होतं. ‘आता कसा अंगाने भरलाय!’ हे प्रेमानेच म्हणतात, पण त्या एका वाक्यानंतर रात्रीचं जेवण अडायचं. गणपतीआधी नवऱ्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: कोणीही त्याच्या शरीराबद्दल बोलायचं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही, परीक्षा, क्रिकेट, काहीही विचारा. एका मावशींना राग आला. आला तर आला.

वजन भरल्यावर डोकंही ताळ्यावर येईल अशी माझी समजूत होती. डोकं महिनोन्‌महिने मागे राहतं. शिवाय वाढत्या वयात वजनाचं लक्ष्य एका जागी थांबत नाही. उंची पुन्हा वाढायला लागली तसं लक्ष्यही वर सरकलं आणि ‘झालं ना आता!’ म्हणून तो हमसून रडला. दुसऱ्या टप्प्यात आधी मधल्या सुट्टीचा डबा त्याच्या ताब्यात गेला, मग शनिवारचं खाणं. मित्रांबरोबर मामलेदारची मिसळ खाऊन आला आणि तिखटाने लाल झालेलं नाक पुसत म्हणाला, ‘पाव जास्तीचा घेतला.’ मी फक्त ‘बरं’ म्हटलं आणि आत जाऊन नवऱ्याला मेसेज केला.

आता दहावी. परत धावायचंय म्हणून मागे लागलाय. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा, तेही कोणासोबत तरी, अशी परवानगी दिली आहे. धावण्याच्या आधी आणि नंतर खाणं ठरलेलं, आणि वजन घसरलं तर धावणं बंद. त्याला येऊर हवंय, आम्ही उपवनच्या सपाट रस्त्यावर अडलोय. पुढची तपासणी दिवाळीनंतर. तोवर सकाळचा नाश्ता आमच्या समोरच, यावर रोज कुरकुर करतो आणि पोह्यांवर आजीकडून जास्तीचं खोबरं घालून घेतो.