रात्रीची पुणे-मुंबई ॲप टॅक्सी: नंबर जुळला तरी चालकाचा चेहरा बघा

काल रात्री वाकडहून अंधेरीला ॲप टॅक्सीने आले. अजून झोप झालेली नाही आणि राग उतरलेला नाही. तरी आजच लिहितेय, कारण शनिवार-रविवारी याच वेळेला कितीतरी जण निघतील.

गाडीचा नंबर जुळला, ओटीपी लागला, नंबरप्लेट पिवळी. सगळं रीतसर. उर्से टोलनाक्याच्या उजेडात चालकाचा चेहरा नीट दिसला, तो ॲपवरच्या फोटोतला नव्हता. विचारलं तर सरळ म्हणाला, "ताई, आयडी मावसभावाची आहे. तो दिवसा चालवतो, मी रात्री." मग हा दिवसा काय करतो? दुसऱ्या ॲपवर दुसरी गाडी चालवतो. सकाळपासून स्टिअरिंगवरच होता.

लोणावळ्यापर्यंत निभावलं. खंडाळ्यानंतर बोरघाटाचा उतार लागला आणि पोरगा पेंगायला लागला. डावीकडे कंटेनर हळूहळू उतरत होते आणि आमची गाडी लेन सोडून त्यांच्याकडे सरकत होती. मी हाक मारली की सावरायचा, मिनिटभराने पुन्हा तेच. कॅमेऱ्यांची कमान आली की ब्रेक, ती गेली की पुन्हा वेग. गाव कुठलं, घरी कोण कोण, जे सुचेल ते मोठ्याने विचारत राहिले. मागचा सीटबेल्ट सीटखाली कोंबलेला होता, तो आधीच ओढून काढून लावला होता म्हणून थोडा तरी धीर होता. घाट उतरल्यावर पहिल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवायला लावली, त्याला तोंड धुवून अर्धा तास झोपायला सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर घाटाच्या मध्यात उतरू नका, तिथे उभं राहणं जास्त धोक्याचं. चालकाला बोलतं ठेवा, सुरक्षित जागा आली की थांबवा. ऐकत नसेल तर 112.

ॲग्रिगेटर, म्हणजे ॲप टॅक्सी कंपन्यांसाठी केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत (2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या) चालकाने दिवसात 12 तासांहून जास्त लॉग-इन राहायचं नाही, मग 10 तास विश्रांती, असं स्पष्ट होतं. एका ॲपवर असो की अनेक. पण आयडीच दुसऱ्याची असेल तर हे तास मोजणार कसे? 2020 च्या त्याच सूचनांप्रमाणे कंपनीने चालकाचा 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा मुदत विमा काढायचा होता. तो नोंदलेल्या मावसभावाचा. काल घाटात काही झालं असतं तर गाडी चालवणाऱ्या पोराच्या घरच्यांनी कोणाकडे जायचं? मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

प्रवाशाचीही कुचंबणा होते. अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनीवर लावायचा असतो. चालक नोंदलेला माणूसच नाही म्हटल्यावर वादाला तिथूनच सुरुवात. दाव्यासाठी कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून गाडीचा नंबर, चालकाचं नाव-फोटो आणि ट्रिपचा स्क्रीनशॉट निघतानाच घरच्यांना पाठवा. "ट्रिप कॅन्सल करा, डायरेक्ट सोडतो" म्हणणाऱ्याबरोबर कधीच जाऊ नका. तुम्ही त्या गाडीत होतात याची ॲपवर नोंदच उरत नाही. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने तर अजिबात नको. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही.

आता पैशांचं. अंधेरीला उतरताना वाशीचा टोल म्हणून रोख मागितली. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर कारचा टोल ऑक्टोबर 2024 पासून बंद आहे! द्रुतगती मार्गाचा कारचा टोल फास्टॅगमधून कापला जातो आणि ॲपच्या बिलात लागतो. एक रुपया जास्त देऊ नका. मी दिला नाही.



माझं मत स्पष्ट आहे: रात्री दहानंतर या रस्त्याला ॲप टॅक्सी नको. दादरपर्यंत शिवनेरीने या, पुढे टॅक्सी करा. टॅक्सीच हवी असेल तर सामान डिकीत टाकण्याआधी चालकाचा चेहरा फोटोशी ताडून बघा, मोबाईलचा टॉर्च लावायला लाजू नका. माणूस दुसरा निघाला तर बसू नका, ॲपवर तेच कारण देऊन ट्रिप रद्द करा. कंपनीकडे तक्रार केली तर "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच उत्तर आलं. आज आरटीओला लेखी अर्ज देतेय, सोबत स्क्रीनशॉट.