आमची वाटचाल : शॉकअप, बुश आणि घाटातली गाडी

नाशिकमध्ये गाडीचं काम जाणणाऱ्या माणसांची वाण कधीच नव्हती. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सुटे भाग करणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली, तेव्हा अख्ख्या शहराला ती आपली गाडी वाटली होती. मी अंबडमधल्या एका रबर मोल्डिंगच्या युनिटमध्ये नोकरीला होतो. दिवसभर हातात बुश (सांध्यात बसणारी रबरी नळी), माउंटिंग आणि डस्ट कव्हर. गाडीचा आवाज, स्टिअरिंगमधला कंप, वळणावरचा तोल यातलं किती काही त्या मूठभर रबरावर ठरतं, हे तिथे कळलं. स्वतःचं काम सुरू करायची ओढ तिथूनच लागली.

पाथर्डी फाट्याजवळ भाड्याचा गाळा घेतला आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), बॅलन्सिंग सुरू केलं. पैसे थोडे पतसंस्थेचे, थोडे बायकोच्या बचतीचे. हिशेब सुरुवातीपासून तीच पाहते आणि उधारीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असतो.

काही दिवसांतच एक तक्रार वारंवार कानावर येऊ लागली. "दादा, मागच्याच आठवड्यात दुसरीकडे अलाइनमेंट केलं, तरी गाडी डावीकडे ओढते." खाली शिरून पाहिलं, की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश फाटलेला. गाडी मशीनवर उभी असते तेव्हा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बरोबर दिसतो. ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. म्हणून आम्ही नियम केला : आधी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड हे चाकाजवळचे सांधे तपासायचे आणि मगच गाडी मशीनवर घ्यायची. या तपासणीचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. आमचं नाव झालं ते या नियमामुळे.

२००५ मध्ये मारुतीची स्विफ्ट आली आणि छोट्या गाडीकडे बघायची तरुण पोरांची नजरच बदलली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी पिळ घेणारी तुळई), वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर. नंतर आलेल्या कितीतरी छोट्या गाड्यांची मांडणी हीच आहे. ही पोरं कसारा घाटातून मुंबईला जाणारी, नाहीतर नांदुरीवरून सप्तशृंगी गडावर चढणारी. त्यांचं म्हणणं एकच : वळणावर गाडी झुकते, बाहेर फेकली जाते, काहीतरी करा. आणि बहुतेकांना उपाय हवा असायचा तो स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचा.

ते काम आम्ही करत नाही. त्याचं कारण ग्राहकाला उभं करून, गाडी लिफ्टवर चढवून दाखवतो. कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीवर नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की ती जागेवरून हलू शकते. उंची कमी झाल्यामुळे बम्प स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारं रबर) लगेच लागतो आणि गाडी आदळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॅकफर्सनच्या मांडणीत गाडी फार खाली घेतली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे झुकायला जोर उलट जास्त मिळतो. एवढं समजलं की बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना आम्ही हात जोडतो.

आमचा क्रम ठरलेला आहे. झिजलेलं रबर आधी. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत नुसते नवे बुश, स्ट्रट माउंटिंग आणि लिंक रॉड टाकले की निम्मे मालक तिथेच समाधानी होतात. त्यानंतर शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे तेलाचे नळकांडे, तेही जोडीनेच बदलायचे. साध्या ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर सतत हालचाल होऊन तेलाला फेस येतो आणि पकड सुटते; नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये ते खूप कमी होतं. आमच्या रस्त्यांवर, विशेषतः इगतपुरीकडच्या पावसाळ्यानंतर, हा फरक ड्रायव्हरला पहिल्याच फेरीत जाणवतो.

झुकण्यावर खरा इलाज स्टॅबिलायझर बारचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या पोलादी दांड्याचा. बारचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा बार बसवला तर तो सुमारे ४६ टक्के जास्त ताठ होतो. दोन मिलिमीटरमध्ये इतकं होतं, हे मला आजही थक्क करतं. पण नुसता पुढचा बार जाड केला तर पुढची चाकं वळणावर लवकर घसरतात आणि गाडी आणखी सरळ जाऊ पाहते. म्हणून इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत जिथे सोय असेल तिथे आम्ही मागच्या बाजूचा विचार आधी करतो, तोही जपून. पावसात मागचं टोक सुटलेलं घरच्या गाडीला चालत नाही.

पॉलियुरेथेन (रबरापेक्षा टणक प्लॅस्टिक) बुशबद्दल लोक फार विचारतात. स्टॅबिलायझरच्या बुशला ते उत्तम. ग्रीस नीट लावलं नाही तर कुरकुरतात, एवढंच. लोअर आर्मच्या मागच्या बुशला मात्र मी रबरच सुचवतो. तो बुश मुद्दाम थोडा लवचीक ठेवलेला असतो, खड्ड्याचा मार केबिनपर्यंत पोचू नये म्हणून.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच शिकवतो. रबर बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी स्वतःच्या वजनावर बसली की मगच टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. वेळ जास्त जातो, पण हे सोडून चालत नाही.

कायद्याची बाजूही आम्ही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमधल्या (नोंदणी प्रमाणपत्रातल्या) नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींशी जुळेनाशा होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी यांना आम्ही हात लावत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून या म्हणतो.

२०२० च्या टाळेबंदीत गाळा बंद होता, पण एकाही कामगाराला कमी केलं नाही. सुरू झाल्यावर पहिली मोठी खरेदी हायड्रॉलिक प्रेसची केली. हातोडा-छिन्नीने बुश काढताना आर्म वाकायची भीती असायची, ती गेली. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाच्या हातात देतो. पैसे कशाचे घेतले हे त्याला दिसलं पाहिजे.

आता चारही चाकांवरचं वजन वेगवेगळं मोजणारे काटे मागवले आहेत. त्यासाठी खालची फरशी अगदी समपातळीत हवी, म्हणून गाळ्यात गवंडीकाम चालू आहे. ते संपेपर्यंत अलाइनमेंटच्या गाड्या फक्त सकाळी घेतो आहोत. येण्याआधी फोन करून वेळ ठरवावी.