बोलायचं आहे, तर वही कशाला?

मुलांना वक्तृत्वाच्या वर्गाला घालणारे पालक पहिल्या आठवड्यातच विचारतात, "बोलायला शिकवणार ना? मग रोज वही कशाला भरून घेता?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते. हा हट्ट मी क्विंटिलियनकडून उचलला आहे.

हा मूळचा स्पेनमधल्या कालागुरिसचा. सम्राट वेस्पाशियनच्या काळात रोममध्ये सरकारी तिजोरीतून पगार घेणारा वक्तृत्वाचा शिक्षक, वर्षाला १ लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. वीस वर्षं शिकवून झाल्यावर त्याने इ.स. ९५च्या सुमारास बारा खंडांचा ग्रंथ लिहिला, 'इन्स्टिट्युशिओ ओरातोरिआ', म्हणजे वक्त्याचं शिक्षण. तान्ह्या बाळाच्या दाईची भाषा शुद्ध हवी इथपासून भर भाषणात खांद्यावरून टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, ओघळला तर काय करावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. मुलांना मारू नये हेही त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय. पण मी पुन्हा पुन्हा उघडते तो दहावा खंड.

लेखणी हीच बोलण्याची उत्तम गुरू, हे थोर रोमन वक्ता सिसेरोचं म्हणणं तो तिथे आधाराला घेतो आणि मग थेट लिहिण्याच्या सामानावर येतो. मेणाच्या पाटीवर लिहा, म्हणतो, कारण खोडणं सोपं. चर्मपत्रावर बोरू सारखा शाईत बुडवावा लागतो आणि विचार मध्येच तुटतो. डोळे अधू असतील तरच तिकडे वळा. पाट्या फार रुंद नकोत. त्याच्या माहितीतला एक तरुण ओळी मोजून भाषण लिहायचा. पाटी रुंद, म्हणून भाषणं लांबलचक. कितीही सांगून सवय सुटेना, पाटी बदलली आणि सुटली! शिवाय भर घालायला काही पानं कोरी ठेवा, कारण जागा नसली की माणूस दुरुस्तीचाच कंटाळा करतो. माझ्या वर्गात वहीचं डावं पान कोरं असतं ते यामुळे. खोडतानाही लेखणी तितकंच काम करते, हे त्याचं म्हणणं मला फार पटतं. मुलं खाडाखोड लपवतात, तेव्हा मी तीच ओळ आधी वाचून घेते.

त्यातच त्याच्या मित्राची, युलियस सेकुंदुसची, गोष्ट येते. शाळकरी वयात सेकुंदुस एकदा कपाळाला आठ्या घालून बसला होता. काका युलियस फ्लोरुस, गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा, नावाजलेला वक्ता, त्याने विचारलं, काय झालं? पोरगा म्हणाला, आज तिसरा दिवस, सुरुवातच सुचत नाहीये. काका हसला. म्हणाला, "तुला जमतं त्याहून चांगलं बोलायचंय का तुला?"

पहिल्या वाक्यावर अडून डोळे भरून येणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात. त्यांना मी ही गोष्ट सांगते आणि म्हणते, जमतं तसं लिही, मग खोडू. भरभर लिहून चांगलं लिहिता येत नाही, चांगलं लिहीत गेलं की भरभर लिहिता येतं, हेही क्विंटिलियनचंच.

पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवणं एवढ्यावर तो थांबला असता, तर मी त्याला इतकं मानलं नसतं. आयत्या वेळी बोलता येणं हे त्याच्या लेखी सगळ्या अभ्यासाचं सर्वांत मोठं फळ. ज्याला ते साधलं नाही त्याने वकिलीच सोडावी, इतकं तो कडक बोलतो. कुणावर अचानक संकट आलं, तर तयारीला मुदत मागत बसणार का? पण हे फळ लिहून, वाचून, खोडून जे साठतं त्यातूनच धरतं, यावर तो ठाम आहे. नुसतं तोंड चालवण्याला तो बोलणं म्हणत नाही.

तेव्हा तुमच्या लेकीला उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी विषय चिठ्ठीवर देणार आहे, उभं राहून लगेच बोलायला. तोवर तिची वही भरू द्या. आणि घरी खाडाखोड दिसली तर रागावू नका.