तरी

गुरुवार, रात्री सव्वाअकरा

एका शब्दाने झोप उडवली आहे. तरी.

ड्रेसिंगला नवी सिस्टर आली होती. मी आत मुगाचं कढण करत होते. बाहेर मावशी तिला सांगत होती, "ही माझी भाची. दर गुरुवारी येते, माझं सगळं करते. देवधर्म काही मानत नाही हो, तरी मन सोन्यासारखं आहे." सिस्टर "हो का?" म्हणाली आणि दारातून वाकून एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

मावशीने कौतुकच केलं, कळतं मला. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. स्वारगेटपर्यंत बसमध्ये तो शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा टोचत होता. तरी म्हणजे काय? म्हणजे माझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. माझा चांगुलपणा कुठून तरी उसना आलेला, नाहीतर चुकून उगवलेला.

अकरा महिने झाले. मावशीचा बाबू या काळात दोनदा आला. संकष्टीला देवळातले फोटो मात्र न चुकता पाठवतो. त्याला कुणी म्हणत नाही, देव मानतो तरी येत नाही. त्याचं न येणं म्हणजे नोकरी, ट्रॅफिक, मुलांच्या परीक्षा. आणि मी बाबांच्या वेळी दवाखान्यात एकदाच आवाज चढवला, तर लगेच आत्या म्हणाल्या, "देव नाही ना मानत, म्हणून असा ताठा." (त्या दिवसाबद्दल आज लिहायचं नाही.) म्हणजे माझं चुकलं तर देव न मानल्यामुळे, आणि बरोबर आलं तर देव न मानता सुद्धा. माझं असं काही उरतच नाही. तीस वर्षं मी ही परीक्षा देते आहे आणि दर वेळी पुन्हा पहिल्या बाकावर बसवतात.

आगरकर आठवले. त्यांना सगळे 'देव न मानणारा देवमाणूस' म्हणतात. मीही शाळेत भाषणात म्हटलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. आज पहिल्यांदा वाटलं, त्या वाक्यातही एक 'तरी' लपलेला आहे. ज्या माणसाने नीतीचा पाया ईश्वरावर नसून माणसांच्या सुखदुःखावर आहे हे जन्मभर मांडलं, त्याच्यावर ते पटल्यावर सुद्धा आपण देवाचंच नाव डकवलं. पण आपल्या भाषेत दुसरा शब्द तरी कुठे आहे? चांगला माणूस देवमाणूस, अडचणीत मदत करणारा देवासारखा धावून येतो, आणि मावशीला आंघोळ घातली की मला पुण्य लागतं. मला पुण्य नको आहे, मला तिची पाठ स्वच्छ झालेली हवी आहे.

ऐन शिक्षण संपताना आगरकरांनी आईला पत्र लिहिलं, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा धरू नकोस. पुण्यात विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्याच दारावरून. दम्याने पोखरलेला तो माणूस १७ जून १८९५ ला गेला, चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. परलोकावर विश्वास नसलेल्या माणसाची ही पुडी. वर कुणी हिशेब विचारणार नव्हतं, पण मागे राहणाऱ्यांना उधारी करावी लागली असती. त्यांना तेवढं कारण पुरलं. आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई सश्रद्ध होत्या, त्यांच्या देवपूजेच्या आड ते आले नाहीत.

इथे मात्र मी अडखळले.

कारण मावशी वारीला जायची तेव्हा मी काय म्हणायचे? "मावशी इतकी देवभोळी, तरी डोकं किती स्वच्छ आहे तिचं." हे मी लोकांना सांगितलंय. अनेकदा. अगदी प्रेमाने.

म्हणजे हा खडा माझ्याही तांदळात आहे. मघाशी बाबूबद्दल लिहिलं तेही तेच. त्याचं न येणं मी त्याच्या संकष्टीला जोडलं. तो आळशी आहे, लहानपणापासून आहे. गणपतीने त्याला आळशी केलं नाही.

एकदा मी आठ-नऊ वर्षांची असताना वाण्याने चुकून पाच रुपये जास्त दिले होते. आईने भर उन्हात परत पाठवलं. दोन्ही वेळा देवापुढे दिवा लावणारी माझी आई. ती देव बघतोय असं म्हणाली नाही. म्हणाली, "रात्री त्याचा हिशेब जुळायचा नाही गं, बसेल बिचारा मोजत." मला तो वाणी दिसला, कंदिलाजवळ बोटं मोजत बसलेला. आजही मी सुटे पैसे घेतले की तोच दिसतो. माझ्याकडे जे काही आहे ते तिथून आलेलं आहे. आता ते आस्तिकाचं म्हणायचं की नास्तिकाचं?

गुरुवार, रात्री

आज मावशीला विचारलं. तो शब्द नाही, तो राहू दे. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं. दुष्काळी कामावर खडी फोडून ती घरी यायची आणि मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्यांतली एक शेजारच्या घरात द्यायची, हे आई सांगायची. म्हटलं, "मावशी, देताना देवाची आठवण व्हायची?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "तेव्हा कुठली आठवण? पोरं रडायची भिंतीपलीकडं. ऐकवत नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण आमच्या पोटात काही नसायचं, तेव्हा विठोबाचं नाव घेतलं की रात्र निघायची. ते खोटं नाही सांगणार तुला."

मी खोटं म्हटलंही नव्हतं. रात्र निघायला तिला जे लागलं ते मला कधी लागलं नाही, किंवा मी मागितलं नाही. भाकरी द्यायला मात्र आम्हा दोघींना तेच लागतं, भिंतीपलीकडचं रडणं.

जखम भरत आलीय. सिस्टर म्हणाली आणखी दोन आठवडे. डोळ्यांचं मात्र अवघड आहे, मोतीबिंदू पिकलाय. पोथी दोन दिवस वाचायची राहिली म्हणून ती कासावीस होती. तिने सांगितलं नाही, उशीजवळ ठेवलेली दिसली. मी उघडून वाचायला बसले. एका ओवीला तिने हात वर केला. "हळू. तिथं थांबायचं असतं."

थांबले. मग अध्याय पुरा केला आणि खुणेला माझं बसचं तिकीट घालून ठेवलं.