सायलेंट नाइट, पण हळू आवाजात

म्युनिकमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिसमस मार्केटं लागली की दुकानादुकानात तीच ती इंग्लिश गाणी सुरू होतात, डोकं उठतं अक्षरशः. पण एक गाणं इथली जुनी मंडळी २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवतात. 'श्टिल्ले नाख्ट', आपलं शाळेतलं सायलेंट नाइट.

शेजारच्या आजींनी त्या संध्याकाळी आम्हाला बोलावलं होतं. जेवायला सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड (शाकाहारी लोकांनो, इकडे त्यात बऱ्याचदा मांसाचा स्टॉक घालतात, आधी विचारून घ्या!). मग दिवे बंद, झाडावर खऱ्याखुऱ्या मेणबत्त्या आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली, जर्मनच ते. आतून छोटी घंटी वाजली, दार उघडलं, नातवंडं आत पळाली, पण गिफ्टला हात लावायचा नाही, आधी गाणं. आजींनी सुरू केलं ते इतक्या खालच्या आवाजात, की पोरांना चूप बसा म्हणायची वेळच आली नाही.

चाल एकदम सोपी हो. प ध प ग, पुन्हा प ध प ग, सहा मात्रांचा झोका, अंगाईच म्हणा ना. पण शेवटच्या ओळीत चाल वरच्या सप्तकातल्या मध्यमापर्यंत जाते, आणि तिथेच बहुतेक मोठे गायक मागे ऑर्केस्ट्रा घेऊन जोर लावतात. आजी तिथे आवाज अजून बारीक करतात, थोडा कापतो पण, आणि मला विचाराल तर तीच खरी जागा आहे गाण्याची.

मुळात हे गाणं होतंच तेवढंसं. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबरन्डॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ ला योसेफ मोर हा तरुण पाद्री आणि फ्रान्झ ग्रुबर हा शेजारच्या गावचा शिक्षक, दोन आवाज, एक गिटार, बस्स. कविता मोरनी १८१६ लाच लिहिली होती, नेपोलियनच्या लढाया नुकत्याच संपलेल्या, त्या वर्षी उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी. अशा वेळी लोकांना शांत झोप मागणारं गाणं जवळचं वाटलं असेल तर नवल काय. उंदरांनी चर्चचा ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली ही गोष्ट सगळे गाइड रंगवून सांगतात, पण ग्रुबरनी १८५४ मध्ये स्वतः जी हकीकत लिहून ठेवली त्यात उंदीरबिंदीर काही नाही.

ते चर्च पुराच्या त्रासामुळे पुढे पाडलं, आता तिथे एवढंसं चॅपल आहे. साल्झबुर्गहून लोकल ट्रेन जाते. चोवीसला मात्र मरणाची गर्दी असते, एक-दोन दिवस आधी गेलेलं बरं. आणि घरी पेटी असेल तर वाजवून बघाच, फक्त पट्टी खालची धरा, नाहीतर त्या वरच्या मध्यमाला शेजारी दार वाजवतील.