प्रोशे पानी

सोमवार, रात्री

हॉटेलात पाऊल टाकलं आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "प्रोशे पानी." मी म्हटलं, काय अगत्य आहे बघा, बॅग खाली ठेवायच्या आत पाणी विचारतात. "हो, चालेल," असंही म्हणून टाकलं. ती बघतच राहिली. मग ह्यांनी खुलासा केला की पोलिशमध्ये 'पानी' म्हणजे बाई, मॅडम. ती बिचारी "अहो बाई" करून पासपोर्ट मागत होती. पाण्याला 'वोदा' म्हणतात. आणि 'ताक' म्हणजे हो! म्हणजे पुढचे चार दिवस आजूबाजूला माणसं पानी-ताक करत हिंडणार आणि प्यायला कुणी काही देणार नाही.

गावाचं नाव तोरुन. वॉर्सातून रेल्वेनं अडीच-तीन तास. ह्यांची परिषद इथल्या विद्यापीठात, कोपर्निकसच्या नावाचं विद्यापीठ आहे, कारण तो इथलाच. मी नुसती बरोबर आले आहे. परिषदेच्या फॉर्मवर माझ्यापुढे "बरोबर येणारी व्यक्ती" असंच छापलंय. पस्तीस वर्षं बँकेत कॅश मोजली, आता मी बरोबर येणारी व्यक्ती.

स्टेशन नदीच्या एका काठाला आणि जुनं गाव दुसऱ्या. पुलावरून टॅक्सी निघाली तेव्हा पलीकडे सगळं लालच लाल दिसलं. तटबंदी विटांची, देवळं विटांची, वेशी विटांच्या. नदीला हे लोक 'विस्वा' म्हणतात, आपण भूगोलात व्हिश्चुला म्हणून पाठ केलेली. टॅक्सीवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं. पुढे दगडी फरसबंदी. बॅगेच्या चाकांनी असा काही खडखडाट केला की सहाशे वर्षं झोपलेलं कुणी असलं तर उठून बसलं असेल.

हॉटेल म्हणजे एका व्यापाऱ्याचं जुनं घर. लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना प्रत्येक पायरीला मधोमध झिजलेला, माहेरच्या वाड्यातल्या जिन्यासारखा. खोलीला वर जाडजूड तुळया. भिंत केवढी म्हणावी? खिडकीच्या कोनाड्यात मी सरळ मांडी घालून बसले, तरी गुडघे बाहेर आले नाहीत. अशा घरांत तळमजल्यावर व्यापार चालायचा आणि वरच्या मजल्यांवर धान्य साठवायचे, दोर-कप्पीनं वर ओढून घ्यायचे. मग ते नदीनं खाली ग्दान्स्कच्या बंदराला. म्हणजे आत्ता मी जिथे झोपणार आहे तिथे राईची पोती असणार. ही राई मोहरीतली नव्हे, काळ्या पावाचं धान्य.

पलंग एक, पण रजया दोन. फार शहाणी पद्धत आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळायला हवी होती.

मंगळवार

पाचलाच जाग आली. इथले पाच म्हणजे घरी साडेआठ, शरीर काही ऐकत नाही. ह्यांना साडेआठची बस. ते आंघोळीला गेले तोवर मी पलंग आवरला. रजयांच्या घड्या, त्यावर त्या भल्यामोठ्या चौकोनी उशा, चादर ताणून. टॉवेल घडी करून कट्ट्यावर. बेसिन पुसलं. आरशावरचे थेंबसुद्धा.

"अगं, हॉटेल आहे हे," बाहेर येऊन हे म्हणाले.

"येणारी बाई काय म्हणेल?"

ह्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आईनं आम्हा बहिणींना हेच वाक्य शिकवलं होतं; तिच्याकडेही त्याच्या पुढचं काही नव्हतं.

नाश्त्याला काळा पाव, पनीरचा भाऊ शोभेल असं एक पांढरं चीज, काकडीचं आंबट लोणचं, मासे, सॉसेज, जॅम. मी पाव-चीज-काकडीवर. वर जाऊन एक खाकरा.

मग एकटीच निघाले. हे लिहायला किती सोपं आहे! अठ्ठावन्नाव्या वर्षी परक्या देशात किल्ली खिशात घालून एकटीनं बाहेर पडायचं आणि कुठे चाललीस हे विचारणारं कुणी नाही. चौकात टाउन हॉलसमोर कोपर्निकसचा पुतळा आहे, १८५३ सालचा. खाली लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा अर्थ ह्यांनी रात्री सांगितला: पृथ्वीला हलवणारा, सूर्याला आणि आकाशाला थांबवणारा. त्याचा जन्म १४७३चा. वडील तांब्याचे व्यापारी, मुलगा दहा वर्षांचा असतानाच गेले आणि मामानं सांभाळलं. मामानं शिकवलं नसतं तर बसला असता तांबं तोलत. आपल्याकडच्या किती तरी हुशार पोरांची हीच गोष्ट आहे, मामा तेवढा प्रत्येकाच्या नशिबात नसतो.

सेंट जॉनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर नदीच्या बाजूला एक घड्याळ आहे, ते मात्र पाहायलाच हवं. त्याला काटा एकच! तासाचा. नदीतून लाकडाचे तराफे घेऊन जाणाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून. त्या काट्याला 'देवाचं बोट' म्हणतात. मी दहा मिनिटं तरी त्याच्याकडे बघत उभी होते, म्हणजे माझ्या घड्याळानं दहा. त्याच्या हिशेबी काहीच झालं नव्हतं.

मग झुकता मनोरा. तटाचाच एक बुरूज, वाळूत पाया खचला आणि वरचा भाग जवळजवळ दीड मीटर बाहेर झुकला. गोष्ट अशी की एका ट्यूटॉनिक सरदारानं, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या लढाऊ संन्याशांतल्या एकानं, ब्रह्मचर्याचं व्रत मोडलं, व्यापाऱ्याच्या मुलीच्या नादी लागला, म्हणून त्याला शिक्षा झाली, तुझ्या वागण्यासारखाच वाकडा मनोरा बांध. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवायच्या, हात पुढे करायचे. जो तोल सांभाळेल तो निष्पाप. मी करून पाहिलं. दोन सेकंदांत पुढे. शेजारी शाळेची पोरं होती, तीही धडाधड पुढे पडत होती, तेव्हा जरा बरं वाटलं. अठराव्या शतकात ह्याच मनोऱ्यात बायकांचा तुरुंग होता. सरदाराचं पाप आणि आत बसल्या बायका. असो.

संध्याकाळी खोलीवर आले तर पलंग सगळा उसवून पुन्हा घातलेला. उशा वेगळ्या, रजयांची घडी वेगळी. टॉवेल नवे. नवीन सून असताना मी कपाट लावावं आणि सासूबाईंनी ते उपसून पुन्हा लावावं, अगदी तसं झालं. उगाच लागलं मनाला.

बुधवार

पलंग कालच्यापेक्षा नीट आवरला. बघू.

आज किल्ला. म्हणजे किल्ला नाहीच, अवशेष आहेत. पण गोष्ट अशी आहे की मी ती घरी गेल्यावर प्रत्येकाला सांगणार आहे.

हे गाव वसवलं ट्यूटॉनिक सरदारांनी. ते साधे सरदार नव्हेत, धर्माच्या नावानं तलवार घेतलेले संन्यासी. १२३३ साली त्यांनी गावाला सनद दिली, नदीकाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला बांधला. गाव व्यापारावर श्रीमंत झालं आणि वरून कर आणि जाच वाढत गेला. १४५४च्या फेब्रुवारीत गावकरी उठले, किल्ला घेतला आणि पाडून टाकला. असा तसा नाही, पार जमीनदोस्त. मग पोलंडच्या राजाच्या बाजूनं तेरा वर्षं लढाई आणि १४६६ साली तह, तोही ह्याच गावात.

तर त्या अख्ख्या किल्ल्यातली एक गोष्ट आजही धडधाकट उभी आहे. उंच बुरूज, खाली ओढा, कमानींवरून जाणारा झाकलेला पूल. मी मान वर करून भक्तिभावानं पाहिलं, दोन फोटो काढले. मग पाटी वाचली. तो संडास आहे. त्याला 'ग्दानिस्को' म्हणतात. सरदारांनी किल्ल्यापासून दूर, थेट ओढ्यावर बांधलेला, म्हणजे सगळं परस्पर वाहून जावं. चिडलेल्या गावानं राजवाडा ठेवला नाही, प्रार्थनेची जागा ठेवली नाही, पण संडासाला हात लावला नाही. आपल्या गडांवर शौचकूप बघताना लोक नाकाला पदर लावून पुढे जातात. इथे तिकीट काढून बघतात.

हे कौतुक चालू असतानाच मला स्वतःला जायची वेळ आली. जवळच्या कॅफेत दोन दारं. एकावर त्रिकोण, एकावर गोल. शब्द नाही, बाईचं चित्र नाही. आता लाल त्रिकोण म्हटलं की माझ्या पिढीला आठवतं कुटुंब नियोजन. त्यात बाईचाच संबंध जास्त म्हणून मी त्रिकोणात शिरले. आत एक आजोबा हात धूत होते. फार सभ्य माणूस. "प्रोशे पानी," म्हणाले आणि बोटानं शेजारचा गोल दाखवला. पोलंडभर हीच खूण आहे म्हणे: त्रिकोण पुरुषांचा, गोल बायकांचा. आजोबांच्या तोंडचं 'पानी' ऐकून त्या अवस्थेतही मला हसू आलं.

पलंग आजही उसवलेला.

गुरुवार

सर्दी. खोलीतच राहिले. किटलीत पाणी उकळून घरून आणलेली चहापूड टाकली, दुधाशिवाय, आल्याचा तुकडा होता तो ठेचून. कोनाड्यात बसून खाली बघत होते. समोरच्या घराच्या विटा एकसारख्या नाहीत, काही जळक्या काळपट, काही नारिंगी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची शहरं बेचिराख झाली, ह्या गावाला मात्र फारसा धक्का लागला नाही, म्हणून इतकं जुनं उरलंय. युनेस्कोच्या यादीत १९९७ पासून आहे.

दहाच्या सुमाराला टकटक. ती आली. माझ्या डोक्यात जाडजूड, कडक, सासूबाईंच्या वळणाची कुणीतरी होती. ही तिशीची, बारीक, केसांना रबर, हातात चादरींचा गठ्ठा. मला बघून मागे फिरायला लागली. मी म्हटलं, या या. तिनं पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. फोनमध्ये काहीतरी बोलली, मग फोन माझ्या मराठीत म्हणाला:

"आपण माझे काम का करता?"

मी फोनला म्हटलं, "सवय आहे."

तिला त्यानं काय सांगितलं देव जाणे. ती हसली. मग फोनमधून, तुकड्या-तुकड्यानं, सगळं कळलं. ती युक्रेनची, तीन वर्षं झाली इथे येऊन. आवरलेला पलंग दिसला की तिला कळत नाही चादर वापरलेली आहे की नाही, म्हणून सगळं उपसून बघावं लागतं. मी घड्या इतक्या घट्ट घालते की त्या सोडवायलाच वेळ जातो. आणि टॉवेल: अडकवलेला असला तर पुन्हा वापरायचा, जमिनीवर टाकलेला असला तर बदलायचा. मी ओला टॉवेल घडी करून कट्ट्यावर ठेवते, तो दोन्हीत बसत नाही. तिला एका खोलीला मिनिटं मोजून मिळतात. माझ्या खोलीला दुप्पट लागत होती.

"माफ करा," मी म्हटलं. फोननं बहुधा ते बरोबर सांगितलं, कारण तिनं माझ्या दंडाला हात लावला.

मग तिनं माझ्या रजईच्या घडीकडे बोट केलं आणि फोनला काही म्हटलं. "ही सुंदर आहे. मला दाखवा." गोधडीची घडी आहे ती, तीन पदरी, टोकं आत. दोनदा करून दाखवली. तिसऱ्यांदा तिनं केली. माझ्यापेक्षा वेगात.

दुपारी बरं वाटलं म्हणून खाली उतरून प्येर्निक घेऊन आले. इथला प्रसिद्ध मसालेदार केक-बिस्किटाच्या मधला प्रकार. मध, पीठ, आणि लवंग, दालचिनी, सुंठ, वेलदोडे, जायफळ. नावच मुळात मिरीसारख्या झणझणीतपणावरून आलंय. वास घेतला तर आमच्या मसाल्याच्या डब्याचा. दुकानातल्या मुलीनं सांगितलं की पूर्वी मुलगी जन्मली की पीठ मळून ठेवायचे आणि तिच्या लग्नात हुंड्याबरोबर भाजायचे. वीस वर्षं मुरलेलं पीठ! गोष्टच असेल, पण मला पटली. सहा गोल जोडल्यासारखी 'कातारझिंकी' दोन पाकिटं घेतली, एक लेकीला, एक टेबलावर ठेवायला.

शुक्रवार

अकराची गाडी. सकाळी उठून पलंगाकडे पाठ केली आणि तडक बाथरूममध्ये गेले. टॉवेल वापरून झाल्यावर हातात धरून किती वेळ उभी होते. मग टाकला खाली. रजई अर्धी लोंबत होती, उशी वाकडी. ह्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा "बरी आहेस ना?" विचारलं.

टेबलावर पाकीट ठेवलं, थोडे पैसे, आणि आम्ही बॅगा घेऊन नाश्त्याला खाली आलो. बसल्यावर लक्षात आलं, चष्मा वरच. हे पावाला लोणी लावत होते, मीच गेले. तीन मजले.

दार उघडं होतं, बाहेर चादरींची गाडी. ती पलंगाच्या कडेला बसली होती, माझ्याच बाजूला, न आवरलेल्या रजईवर. पायातले बूट काढून शेजारी ठेवलेले. फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होती, फोनमधून लहान मुलाचा आवाज येत होता. पाठ माझ्याकडे.

मी तशीच मागे फिरले. पायऱ्या करकरतात म्हणून भिंतीच्या कडेकडेनं उतरले. खाली येऊन अजून एक कॉफी घेतली. साखर म्हणून जी पुडी फोडली ती मिठाची निघाली. चष्म्याशिवाय वाचता आलं नाही. आणि चष्मा असता तरी, लिहिलेलं होतं पोलिशमध्येच.